विश्लेषण : शाळेच्या घंटेला गाठणारी एसटी आखणे एवढे अवघड का?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की सारोळ्याच्या अलीकडे किकवी लागते. भोर तालुक्यातील या गावाजवळून दिवसभर एसटी धावतात. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर अशा पाट्यांच्या. त्यातील बहुतेक गाड्या लांब पल्ल्याच्या असतात आणि त्या इथे थांबत नाहीत, थांबणे अपेक्षितही नाही. शाळेत जाणारी मुले ज्या गाडीची वाट पाहतात ती वेगळी. ती आगारातून पहाटे निघते, वाड्यावस्त्यांवरून फिरते, फाट्याफाट्याला थांबते आणि शाळेच्या घंटेआधी पोहोचली तरच उपयोगाची असते. राष्ट्रीय महामार्गालगतच्या गावात वाहनांचा दुष्काळ नसतो. तरीही दप्तर घेतलेली पोरे फाट्यावर ताटकळतात किंवा वडापच्या मागच्या फळीवर कोंबली जातात, हे चित्र नवे नाही.

याचे खापर बहुतेक वेळा ‘एसटीचा भोंगळ कारभार’ या तीन शब्दांवर फोडले जाते. कारभारात खोट नाही असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेची फेरी आखणे हे मुळातच कठीण गणित आहे, आणि ते गणित नीट मांडले गेलेले नाही म्हणूनही ते सुटत नाही.

शाळेची बस नेमकी कोणाची?

अमेरिकेत शाळा चालवणारे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ असते. शाळा त्याच्या, बस त्याच्या किंवा त्याच्या कंत्राटदाराच्या, आणि शाळेची वेळ ठरवण्याचा अधिकारही त्याचाच. महाराष्ट्रात असे एकच दार नाही. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांच्या, बस एसटी महामंडळाची, रस्ता जिल्हा परिषदेचा नाहीतर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महामार्ग केंद्राचा. मूल मात्र सकाळी या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून जाते.

शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या २०११च्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. जिथे ती नाही, तिथल्या मुलांना ‘समग्र शिक्षा’ योजनेतून वाहतूक भत्ता देता येतो; त्याची केंद्रीय मर्यादा वर्षाला सहा हजार रुपये आहे. आठवीनंतर कायद्याचे हे संरक्षण संपते. म्हणजे ज्या वयात शाळा लांब जाते, नेमक्या त्याच वयात कायदा मागे राहतो. नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी मुख्यतः उरते ती एसटी आणि तिचा पास. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून हा पास मोफत मिळतो, बाकीच्या विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते. पास हातात असला तरी गाडी वेळेवर येईलच असे नाही, हा त्यातला उघड अडथळा.

दुसरीकडे पिवळ्या स्कूल बससाठी राज्याने २०११मध्येच स्वतंत्र नियम केले. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, बसमध्ये मदतनीस असावा, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी असावी, असे त्यात आहे. पण ही समिती डोळे ठेवते शाळेच्या किंवा कंत्राटाच्या वाहनावर. जी शाळकरी पोरे एसटीने येतात त्यांच्या प्रवासाची विचारणा या समितीच्या बैठकीत होण्याचे तसे कारणच उरत नाही. ग्रामीण भागात बहुसंख्य मुले याच रकान्यात बसतात.

मार्ग आखताना अडते कुठे?

समजा, एका गाडीने नऊ थांब्यांवरून मुले गोळा करायची आहेत. ते थांबे कोणत्या क्रमाने घ्यायचे याच्या शक्यता ३ लाख ६२ हजार ८८० होतात. थांबे पंधरा झाले तर हा आकडा एक लाख कोटींच्याही पुढे जातो. संगणकाच्या मदतीने शाळेच्या बसचे मार्ग आखण्यावर १९६९पासून शोधनिबंध लिहिले जात आहेत आणि प्रश्न अजून पूर्ण संपलेला नाही, त्याचे एक कारण हे.

भोर-राजगडच्या (पूर्वीचा वेल्हे तालुका) मुलुखात मात्र क्रमाचा प्रश्न फारसा येत नाही. रस्ताच एक असतो. भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या कडेच्या गावांत जायचे तर पाण्याला वळसा घालूनच जावे लागते. समोर दिसणारे गाव रस्त्याने कितीतरी लांब पडते. महामार्गाच्या पूर्वेकडे भोंगवली, गुणंदच्या बाजूला भूगोल वेगळा, पण तिथेही वाड्या मुख्य रस्त्यापासून आत आहेत. त्यामुळे खरा प्रश्न असा : गाडी वाडीत न्यायची की मुलांना फाट्यावर आणायचे?

इथे एक साधा हिशेब आहे. अठरा किलोमीटरचा मार्ग, गावच्या रस्त्यावर ताशी सरासरी २५ किलोमीटर वेग धरला तर ४३ मिनिटे लागतात. नऊ थांबे, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे एकूण ५२ मिनिटे. पावसाळ्यात छत्री मिटवत, चिखल झटकत पोरे चढू लागली की एका थांब्याला दोन मिनिटे लागतात आणि फेरी ६१ मिनिटांची होते. शाळा साडेदहाला असेल आणि वेळापत्रक ५२ मिनिटांवर बेतलेले असेल, तर जून ते सप्टेंबर रोज नऊ मिनिटांचा उशीर वेळापत्रकातच लिहिलेला आहे. यात चालकाचा दोष शून्य. पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असावे, एवढीच ती गोष्ट.

प्रत्येक वाडीत आत-बाहेर करण्यात गाडीची दहा-दहा मिनिटे जातात, म्हणून थांबे कमी करून मुलांना थोडे चालायला लावणे हा आखणीकारांचा आवडता उपाय. कागदावर तो बरोबरही आहे. पण अर्धा किलोमीटर चालणे म्हणजे काय, हे ओढा आडवा आहे की नाही यावर ठरते. आणि किकवीसारख्या महामार्गालगतच्या गावांत तर थांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, हा अंतरापेक्षा मोठा प्रश्न आहे. अमेरिकेत शाळेची बस थांबून लाल फलक बाहेर आला की, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने थांबवणे कायद्याने बंधनकारक असते. आपल्याकडे साताऱ्याच्या दिशेने निघालेला ट्रक शाळकरी मुलांसाठी थांबेल, या भरवशावर थांबा आखता येत नाही. सकाळी मूल जिथे चढते त्याच्या समोरच्या बाजूला ते संध्याकाळी उतरते. परतीची फेरी सेवा रस्त्यावरून, भुयारी मार्गाने वळवून गावाच्या बाजूला नेली तर तिला जादा मिनिटे लागतील. ती मिनिटे वेळापत्रकात आधीच धरायला हवीत. नाहीतर घाईतला चालक पोरांना पलीकडे उतरवून मोकळा होणार.

एका गाडीला चालक किती?

बस मिळाली की प्रश्न सुटला, असे गावाला वाटते. निवेदनांतही ‘बस सुरू करा’ एवढेच असते. खरी अडचण चालकाच्या दिवसात आहे.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१चा; तो २०२५पर्यंत लागू होता. त्यानुसार कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. कामाचे तुकडे दिवसात दोनपेक्षा जास्त नकोत. पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुट्टीपर्यंतचा पसारा साधारण बारा तासांपेक्षा जास्त नको. आणि आजचे काम संपल्यापासून उद्याचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती हवीच होती.

आता ही कलमे एका शाळकरी गाडीला लावून पाहा. कनिष्ठ महाविद्यालय सकाळी साडेसातचे, हायस्कूल साडेदहाचे. गाडी पावणेसहाला आगारातून निघते आणि साडेसातला महाविद्यालयाची मुले सोडते. पावणेनऊला पुन्हा निघून साडेदहाला हायस्कूलची मुले पोहोचवते. साडेबाराला महाविद्यालयाची परतीची फेरी, ती पावणेदोनला संपते. पाचला हायस्कूल सुटते, मुले सोडून गाडी पावणेसातला आगारात येते. या दिवसात गाडीचे चाक फिरले ते फक्त साडेसहा तास. म्हणजे आठ तासही भरले नाहीत. पण चालकाचा दिवस पावणेसहा ते पावणेसात, तेरा तासांचा झाला आणि त्याचे चार तुकडे पडले. या कलमांनुसार एका माणसाकडून हे काम करून घेता येत नाही. गाडी एक, चालक दोन, वाहक दोन.

शाळेच्या फेरीचा स्वभावच असा आहे. सकाळी गरज, संध्याकाळी गरज, मध्ये पोकळी. लांब पल्ल्याच्या गाडीवर चालकाचे आठ तास सलग वापरले जातात आणि महामंडळाला प्रत्येक तासाचे भाडे मिळते. शाळेच्या फेरीत पगार पूर्ण दिवसाचा, उत्पन्न दोन टोकांचे. आगाराने दुपारच्या पोकळीत बाजाराची, दवाखान्याची फेरी बसवली तर हिशेब थोडा जुळतो. पण ती दुपारची फेरी कुठेतरी रखडली की पाच वाजताची शाळा चुकते. एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीला लागणे हा या आखणीतला जुनाट आजार आहे.

यावर एसटीने फार पूर्वी शोधलेला देशी उपाय म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी शेवटच्या गावात जाते, चालक-वाहक तिथेच राहतात, सकाळी पहिली फेरी तिथूनच सुटते. रिकामी गाडी आगारातून आणण्याचे किलोमीटर वाचतात, डिझेल वाचते आणि पहाटे मुलांच्या दारात गाडी उभी असते. अल्गोरिदम लिहिणाऱ्यांनी कौतुक करावे अशी ही युक्ती आहे. मात्र तिलाही नऊ तासांची अट लावून पाहा. गाडी रात्री नऊला पोहोचली तर सकाळी सहाच्या आधी निघता येत नाही. रात्री साडेनऊ झाले तर साडेसहा. महामार्गावर कोंडी झाली की रात्रीचा उशीर थेट दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासिकेला जाऊन भिडतो.

शिवाय मुक्काम म्हणजे माणसांचा मुक्काम. झोपायला खोली, स्वच्छतागृह, पाणी. गाव मुक्कामी गाडी मागते तेव्हा ग्रामपंचायत ही खोली देणार का, हे आधी ठरायला हवे. वाहक महिला असेल तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. डासांत, गाडीच्या बाकावर रात्र काढलेल्या चालकाच्या हाती सकाळी साठ मुले सोपवणे हे सुरक्षेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

एक जण रजेवर गेला तर?

आखणीत सर्वांत दुर्लक्षित भाग हा. खालील आकडे भोर आगाराचे नाहीत, गणित कळावे म्हणून घेतले आहेत.

समजा, एका आगारात शाळेच्या फेऱ्यांसाठी दहा चालक लागतात. रजा, आजारपण, घरचे कार्य, परवान्याचे नूतनीकरण मिळून प्रत्येक जण सरासरी दहापैकी एक दिवस येत नाही. दहाच्या दहा जण हजर असण्याची शक्यता किती? अंदाजाने कोणी नव्वद टक्के म्हणेल. प्रत्यक्षात ती ३५ टक्के आहे. म्हणजे तीनपैकी जवळपास दोन दिवस किमान एक फेरी चालकाविना आहे. एक राखीव चालक ठेवला तर सर्व फेऱ्या सुटण्याची शक्यता ७४ टक्के, दोन ठेवले तर ९३ टक्के. उच्च प्राथमिक वर्गांसाठी कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. दोन राखीव चालक असूनही त्यातील साधारण पंधरा दिवस कोणत्या तरी वाडीची गाडी येणार नाही.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. दहाऐवजी पन्नास चालकांचा एकत्र गट असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी दहा नव्हे, आठ राखीव पुरतात. गट जेवढा मोठा तेवढा राखीवचा भार कमी. खासगी व्हॅनचा मालकच चालक असतो. तो तापाने झोपला की त्या दिवशी गाडीच नाही. एसटीकडे मोठा गट आहे, आणि ग्रामीण शाळकरी वाहतुकीसाठी तिच्याइतकी योग्य यंत्रणा दुसरी नाही, याचे हे निव्वळ गणिती कारण.

पण गट मोठा असून राखीवच नसतील तर हा फायदा शून्य. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला. करोनाने बंद पडलेल्या शाळा उघडत होत्या आणि नेमक्या तेव्हा गाड्या उभ्या होत्या. संपानंतरही मनुष्यबळाचा प्रश्न मिटला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी १७ हजार ४५० चालक व सहायकांची कंत्राटी भरती जाहीर केली, ती येऊ घातलेल्या आठ हजार नव्या गाड्यांसाठी. नव्या गाडीला माणसे लागणारच. मात्र आज धावणाऱ्या फेऱ्यांना राखीव चालक किती, हा प्रश्न या आकड्यात येत नाही. जड प्रवासी वाहनाचा परवाना आणि बिल्ला असलेल्या माणसाला मागणी अनेक ठिकाणी आहे. शिरवळ, खेड शिवापूरच्या पट्ट्यात कारखान्यांच्या कर्मचारी बस, मालवाहतूक, पर्यटक गाड्या हे सगळे त्याच माणसांच्या शोधात असतात.

चालक कमी पडले की रद्द कोणती फेरी होते?

जिथे उत्पन्न कमी, ती. आगार व्यवस्थापकाकडून उत्पन्न आणि भारमान विचारले जाते. पासवाल्या मुलांनी खच्चून भरलेली गाडी वाहकाच्या रोकडीच्या थैलीत मात्र रिकामीच दिसते. सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. ती त्या फेरीच्या नावावर, त्या संध्याकाळी आगाराच्या हिशेबात उमटत नाही. पुणे-सातारा गाडी रद्द केली तर प्रवासी फलाटावर आरडाओरडा करतात. वाडीची गाडी रद्द झाली तर चाळीस मुले घरी परततात आणि त्यांचा आवाज कुठेही पोहोचत नाही.

मार्च २०२३पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना त्याआधीच मोफत प्रवास मिळाला होता. दोन्ही निर्णयांनी गावाकडची एसटी पुन्हा भरू लागली, हे चांगलेच झाले. पण सकाळची गाडी तीच राहिली आणि बाजाराला, दवाखान्यात, कामावर जाणारे प्रवासी वाढले. आधीच्या गावात भरून आलेली गाडी पुढच्या फाट्यावर थांबत नाही, आणि पुढच्या फाट्यावरची पोरे तिच्यासाठीच उभी असतात.

दुसरी सेवा येऊन पोकळी भरेल, अशीही फारशी आशा नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये पीएमपीने एसटीच्या विनंतीनंतर ग्रामीण भागातील ११ मार्ग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यात कापूरहोळ-सासवड आणि कात्रज-विंझर हे या भागातले मार्ग होते. कोणता मार्ग कोणाच्या हद्दीत आणि तोटा कोणाच्या खात्यात, या वादात शाळेची वेळ हा मुद्दा कोणाच्याच फायलीत नव्हता.

पानशेतने हा प्रश्न तातडीचा का केला?

इथवरचा सगळा प्रश्न ‘गैरसोय’ या सदरात टाकता आला असता. सप्टेंबर २०२३नंतर तसे करता येत नाही. शिक्षण आयुक्तालयाने तेव्हा समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळा असून त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आहेत, अशी आकडेवारी त्या वेळी पुढे आली. लहान शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा करायची आणि मुलांना वाहनाने तिथे आणायचे, ही कल्पना. नमुने म्हणून दोन नावे दिली गेली : नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत. म्हणजे किकवीच्या शेजारच्याच तालुक्यातले.

चार मुलांना एका खोलीत चार इयत्ता शिकण्यापेक्षा विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळणे चांगले, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. धरणाच्या पाण्याने तुटलेल्या पानशेत परिसरात तर या युक्तिवादाला वजन आहे. पण या योजनेत बस ही सोय राहत नाही, ती शाळेची भिंत होते. वाडीतली शाळा होती तेव्हा गाडी आली नाही तरी मूल चालत शाळेत जात होते. वाडीतली शाळा गेल्यावर चालक रजेवर गेला, टायर फुटला, डिझेलचे बिल थकले, यातले काहीही झाले तरी त्या मुलासाठी शाळाच बंद. वरचे ९३ टक्क्यांचे गणित मग एकदम वेगळे दिसू लागते. गाडी देणगीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून मिळू शकते. दहा वर्षे दर महिन्याला चालकाचा पगार, विमा, दुरुस्ती आणि राखीव चालक हे देणगीतून मिळत नाही. समूह शाळेच्या प्रत्येक प्रस्तावात इमारतीच्या नकाशाआधी राखीव चालकाची तरतूद तपासली जावी.

संगणकावर सोडून द्यावे का?

बोस्टनने २०१७मध्ये एमआयटीच्या संशोधकांकडून मार्ग आखून घेतले. त्याने सुमारे पन्नास बस कमी झाल्या आणि वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या आसपास बचत झाली. मग त्याच पद्धतीने शाळांच्या वेळा बदलायचा घाट घातला गेला. पालक इतके संतापले की तो बेत मागे घ्यावा लागला.

लुईव्हिलची गोष्ट अधिक बोलकी आहे. केंटकी राज्यातील या शहराच्या जेफरसन काउंटी शाळा विभागात बसने जाणारी मुले सुमारे ६५ हजार. चालक मिळेनात म्हणून तिथे मार्ग कमी केले, संगणकाने नवे मार्ग काढले, शाळांच्या वेळा बदलल्या. ९ ऑगस्ट २०२३ हा शाळेचा पहिला दिवस. काही मुले रात्री दहाच्या सुमारास घरी पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर शाळाच बंद ठेवावी लागली. कागदावर प्रत्येक गाडी एका शाळेवरून दुसऱ्या शाळेवर वेळेत पोहोचत होती. पहिल्या दिवशी लहान मुलांना चढवायला कागदापेक्षा जास्त वेळ लागला आणि तो उशीर दिवसभर साचत गेला. पुढच्या वर्षी तिथे काही विशेष शाळांच्या मुलांची बसच बंद करण्यात आली. श्रीमंत देशातही चालकांची टंचाई आहे. मॅसॅच्युसेट्सने २०२१मध्ये शाळेच्या व्हॅन चालवायला नॅशनल गार्डचे जवान उतरवले होते.

आपल्याकडे वेळा बदलण्याचा प्रयोग न सांगता झाला. फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवण्यास सांगितले. मुलांची झोप पूर्ण व्हावी, हा हेतू योग्य होता. पण स्कूल बस मालकांच्या संघटनांनी विरोध केला, कारण एकच बस आधी मोठ्यांना आणि नंतर लहानांना आणते. दोघांच्या वेळा जवळ आल्या की बस दुप्पट लागतात. झोपेचा विचार झाला, बसचा नंतर झाला.

भोर-राजगडमध्ये काय करता येईल?

फार मोठ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. एका आगाराच्या शाळकरी फेऱ्या एका तक्त्यात मावतात. गरज आहे ती मे महिन्यात मुख्याध्यापक आणि आगार व्यवस्थापकांना एका टेबलाभोवती बसवण्याची. गटशिक्षणाधिकारी हे करू शकतात. कोणत्या वाडीतून किती मुले येतात ही यादी प्रत्येक शाळेकडे असते. शाळांच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचा फरक पाडला तर एक गाडी दोन शाळा गाठू शकते. नसरापूर, कापूरहोळ, किकवी अशा एकाच रस्त्यावरच्या गावांत तर हे सहज जमण्यासारखे आहे. परिवहन समितीच्या विषयपत्रिकेत एसटीने येणारी मुले हा कायमचा विषय असावा. एसटीने गेली काही वर्षे पास थेट शाळेत वाटायला सुरुवात केली आहे. पास द्यायला आलेला कर्मचारी त्याच दिवशी मुलांच्या वाड्या आणि वेळा लिहून नेऊ शकतो.

महामंडळाने शाळेची फेरी वेगळी ओळखावी, हे अधिक महत्त्वाचे. राज्यातील १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली मुलींच्या शिक्षणासाठी वेगळ्या निधीतून गाड्या चालवल्या जातात. वेगळा निधी म्हटले की वेगळी जबाबदारी येते, आगाराला त्या फेरीचे उत्तर द्यावे लागते. अशी खूण इतर तालुक्यांतील शाळकरी फेऱ्यांनाही हवी. चालक कमी पडले तर ही फेरी सर्वांत शेवटी रद्द होईल, आणि झालीच तर सकाळी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर संदेश जाईल. सवलतीच्या भरपाईतील त्या फेरीचा वाटा आगाराच्या उत्पन्नात दाखवला गेला, तर व्यवस्थापकालाही ती रद्द करण्याची घाई उरणार नाही.

आणि वेळापत्रक नक्की करण्याआधी त्या मार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याला विचारावे. कोणत्या उतारावर आषाढात ब्रेक लागत नाही, कोणत्या फाट्यावर दुधाची गाडी रोज आडवी येते, हे त्याला ठाऊक असते.

शनिवार हा या सगळ्यातला विसरलेला दिवस. त्या दिवशी बहुतेक शाळा सकाळी भरतात आणि अकराच्या आसपास सुटतात. गाडी मात्र अनेक ठिकाणी सोमवारच्याच वेळापत्रकाने धावते. त्याच सकाळी पुण्यातून महाबळेश्वर, कोल्हापूरकडे निघालेल्या मोटारींनी महामार्ग भरलेला असतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी भोर आगाराने आणि शाळांनी शनिवारचे स्वतंत्र वेळापत्रक केले, तरी आठवड्यातील सहापैकी एक दिवस जागेवर येतो. त्यासाठी नवी गाडी लागत नाही, नवा चालकही नाही.